आल्याआधी उगवेल कसं?

लाइन गेली आणि आली, एवढंच झालं. साकोलीत लाइन जाण्याचं काय कौतुक! पंखा थांबला, पुन्हा कुरकुरत फिरू लागला. आमचा ऑपरेटर भैय्यालाल याने सवयीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं, कॉम्प्युटरने सवयीने तारीख विचारली, ह्याने सवयीने तारीख न घालता नुसतं एंटर दाबलं, आणि मग पुन्हा टाइप केलं: बोडीराणी, पाकीट क्रमांक? लाइन जाण्यापूर्वी हेच तर विचारत होता तो. यावर हिरव्या अक्षरांत एकच ओळ आली, की फाइल वाचता येत नाही. भैय्यालालने कीबोर्ड उचलून आपटल्यासारखा केला, पुन्हा विचारलं, पुन्हा तीच ओळ. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "समरितजी, हे तं सगडंच विसरलं जी." विसरलं! तो कॉम्प्युटरविषयी बोलत होता हे मला कळत होतं, पण मला वाटलं, ह्याला माझं कळलं की काय.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर अड्याळचा धनीराम बसला होता. सकाळच्या पहिल्या गाडीने आलेला, मांडीवर दुपट्ट्याची घडी, त्या घडीवर दोन्ही हात. वळवाच्या वादळात त्याच्या घरावरची कवेलू उडाली, पाणी थेट ढोलीत, धान्याच्या कणगीत गेलं, आणि ढोलीतल्या बियाण्याला जागच्या जागी कोंब फुटले. बियाणं गेलं. दुसरं धान मिळालं असतं हो, दुकानात पोती पडली आहेत. पण त्याचं वावर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पोटाला, खोलगट, भादव्यात कमरेइतकं पाणी साचणारं. तिथे दुकानातलं बुटकं धान लावायचं म्हणजे पोराला पोहायला न शिकवता तलावात ढकलायचं. तिथे उभं राहायचं ते त्याच्या बापाचं बोडीराणी, पाण्याबरोबर वर वर चढणारं. आजूबाजूच्या गावांत ते कुणाकडे उरलं नव्हतं. उरलं होतं एकाच ठिकाणी, आमच्या बियाणे-केंद्राच्या कपाटात. कारण मीच ते त्याच्याकडून मागून आणलं होतं. आणि आता मृग लागला होता, परे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी पेरायचे दिवस चालले होते, आणि तो म्हणत होता, "अजी, मायंच बियाणं मले वापस पायजे, जास्ती का मागून रायलो?"

जास्ती काहीच नाही. फक्त ते कोणत्या पाकिटात आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या खोलीत लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत खाकी पाकिटं, पाकिटांवर फक्त क्रमांक. नाव नाही, गाव नाही. आधीच्या साहेबांचा नियम: एकाच धानाला दर गावात वेगळं नाव आणि एकाच नावाची दर गावात वेगळी धानं, तेव्हा पाकिटावर क्रमांक आणि बाकी सगळं कॉम्प्युटरात. जुन्या कार्डांची पेटी होती, ती उधईने कोरून कोरून खाल्ली. मी पाकिटं उघडून धान ओळखीन, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. तासभर मी कपाटं उघडून दाणे तळहातावर घेत होतो, आणि प्रत्येक तिसरं पाकीट मला बोडीराणी वाटत होतं.

माझं नाव केवळराम समरित. या केंद्रात क्षेत्र सहायक. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरपासून मी सायकलवर, एस.टी.त, बैलबंडीत, पायी, असा हा सगळा मुलूख फिरलो आहे, आणि पिशवी भरून लोकांची धानं आणली आहेत. कोणत्या बाईने कोणतं धान देताना काय म्हटलं हे मी पाठ म्हणून दाखवत असे. माझी बायको रुखमा म्हणायची, घरचा किराणा लक्षात राहत नाही आणि जगाच्या ढोल्या लक्षात राहतात. आणि अलीकडे, म्हणजे गेल्या उन्हाळ्यापासून, काहीतरी सुटायला लागलं होतं. रुखमाच्या सख्ख्या भावाला घरात घेतलं, पाणी दिलं, आणि त्याचं नाव काय ते येईना. एकदा बस स्टँडवर उभा होतो, गाडी आली, कंडक्टरने विचारलं कुठे, आणि मी म्हटलं, जाऊ द्या, पुढच्याने जातो. घरी हे बोललो नाही. बोलून काय करणार? रुखमा आधी हसली असती, मग रडली असती, आणि मग तिच्या आईच्या, चंद्रभागाबाईच्या सांगण्यावरून कुणा वैदाकडे नेलं असतं. मी आपला गप्प. गप्प राहिलं की दुखणं नसतंच, असा माझा जुना शहाणपणा.

ललिताबाई कापगते आल्या तेव्हा व्हरांड्यातच त्यांनी धनीरामकडून सगळं ऐकून घेतलं होतं. शहापूरची ही मुलगी नागपूरला कॉम्प्युटर शिकून आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला मनातल्या मनात उंटावरची शहाणी म्हटलं होतं. शेतकऱ्याची पोर, पण चिखलात पाय न घातलेली दिसते, असं मी भैय्यालालला बोललोही होतो. (चूक. तिच्या टाचा मी नंतर पाहिल्या. चिखलात धान रोवून फुटलेल्या टाचा लपत नाहीत.) त्या खुर्चीवर बसल्या, ती ओळ वाचली, आणि मला वाटलं आता कपाळाला हात लावतील. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? त्या बिघडलेल्या फाइलचीच नक्कल काढली. मी म्हटलं, "बाई, मेलेल्याची नक्कल कायले?" त्या म्हणाल्या, "समरितजी, मेलंय की नाही ते अजून मला माहीत नाही. आणि मी जे करणार त्याने आणखी बिघडलं तर परत निदान इथवर तरी यायला हवं ना." एवढं बोलून त्यांनी नकलेची फ्लॉपी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पदराला पुसले. मला ते फार आवडलं. माझ्यासारखा माणूस असता तर आधी आरडाओरडा, मग भैय्यालालची खरडपट्टी, मग ठोकाठोकी.

मग त्यांनी आम्हाला समजावलं, मला आणि भैय्यालालला, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या धनीरामलासुद्धा. दिवाळीला त्यांनी सगळ्या माहितीची पूर्ण नक्कल काढून ठेवली होती. ती शाबूत आहे. म्हणजे दिवाळीपर्यंतचं जग जसंच्या तसं परत मिळेल. दिवाळीनंतर जे जे केलं, नवं पाकीट आलं, क्रमांक बदलला, चूक झाली, चूक दुरुस्त केली, ते प्रत्येक काम कॉम्प्युटर एकामागून एक वेगळं लिहून ठेवत होता. त्याच्या फ्लॉप्या आहेत. तेव्हा आधी दिवाळी परत आणायची, आणि मग तिच्यावर ती कामं त्याच क्रमाने पुन्हा घडवायची. "पुन्हा म्हणजे, बाई, आमी पुन्हा टाइप कराचं?" भैय्यालालचा चेहरा पडला. "नाही. तोच करतो. आपण फक्त क्रम द्यायचा." "आणि चुका? त्या तं सोडून देईन ना तो?" "नाही," ललिताबाई म्हणाल्या. "चूक पण होईल आणि नंतर दुरुस्त पण होईल. एक ओळ सोडली तर पुढची खोटी पडते."

हे ऐकून मी खिडकीपाशी गेलो. बाहेर हायवेवर लाकडाचे ट्रक चालले होते. एक ओळही सोडायची नाही! माझं कुणी असं परत घडवलं तर? बाप पुन्हा उभा राहील, धोतराचा सोगा खोचलेला, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला हाक मारेल. पण मग त्याला साप चावेल तेही पुन्हा होईल, आणि मी पुन्हा पळत सुटेन आणि पुन्हा उशिरा पोचेन. ते सोडून नाही देता येणार. सोडलं तर त्यापुढचं सगळं खोटं, माझी नोकरी खोटी, रुखमा खोटी, कारण बाप गेला नसता तर मी घर सोडून साकोलीला आलोच नसतो आणि रुखमा मला दिसलीच नसती. बाप जाऊन किती वर्षं झाली, आणि त्याच्यासाठी म्हणून रडू आलं ते तिथे, ऑफिसच्या खिडकीपाशी, फ्लॉपीच्या नादाने. मी खोकल्याचं निमित्त करून नाक पुसलं. धनीराम म्हणाला, "धूर लागला वाट्टे डोयाले." धूर कुठे होता!

आणि फ्लॉप्यांचा डबा उघडला तेव्हा खरी गंमत झाली. डबा बियाण्याचाच, आत कडुनिंबाचा पाला घातलेला, कारण भैय्यालालच्या घरी वर्षभर टिकवायची कोणतीही वस्तू अशीच ठेवतात. किडा लागू नये म्हणून! दिवाळीच्या फ्लॉप्यांवर ललिताबाईंच्या हातची नावं होती. पण नंतरच्या तीन फ्लॉप्या कोऱ्या. "ह्यांना चिठ्ठ्या नव्हत्या लावल्या?" "लावल्या होत्या ना, बाई! डिंक सरला होता, तं मी डब्यातल्या भातानं चिकटवल्या." शिजवलेला भात बोटाने चिरडून लावला की कागद कसा पक्का बसतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. आणि ऑफिसातल्या झुरळांनाही. त्यांनी भात खाल्ला, भाताबरोबर कागदही खाल्ला, आणि पाल्याचा त्यांच्यावर कणभर परिणाम झालेला दिसला नाही. ललिताबाई म्हणाल्या, असू दे, कॉम्प्युटरने आत तारीख लिहिलेलीच असते. त्यांनी तारखा काढल्या. एकूण एक कामाची तारीख: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. लाइन गेली की तो तारीख विसरतो, परत विचारतो, आणि भैय्यालाल नुसतं एंटर दाबतो, तेव्हा तो आपली जन्मतारीख धरतो. आठ वर्षांपूर्वीच्या एका दिवसात आम्ही दिवाळीपासूनचं सगळं करून टाकलं होतं. "बाई, मले का मालूम," भैय्यालाल रडकुंडीला आला, "तो विचारते, मी पुढं जातो. आजची तारीख तं भिंतीवर दिसूनच रायली ना." ललिताबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून आम्ही तिघेही हसलो, धनीराम सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठ्याने. त्या रागावल्या असत्या तर, मी सांगतो, भैय्यालाल दुसऱ्या दिवशी आला नसता.

तीन फ्लॉप्या. एकीत अड्याळ भागातून नवीन आलेली पाकिटं, त्यांत धनीरामचं बोडीराणी. एकीत उगवण-चाचणीचे निकाल. एकीत क्रमांक बदलल्याची कामं, कारण नवी कपाटं आली तेव्हा सगळ्या पाकिटांना नवे क्रमांक दिले होते आणि सुटलेले जुने क्रमांक दुसऱ्याच धानांना गेले होते. कोणती आधी? चुकीचा क्रम लागला तर धनीरामच्या हातात दुसऱ्याच कुणाचं धान जाणार, आणि भादव्यात ते पाण्याखाली सडणार. आणि तिथे मी छाती पुढे काढली. म्हटलं, मला विचारा ना! आधी कपाटं. कपाटं हलवताना थंडी होती, माझ्या अंगात रुखमाने विणलेला तपकिरी स्वेटर होता. त्यानंतर अड्याळ. अड्याळला गेलो तेव्हा मोहफुलं पडत होती, धनीरामच्या अंगणात त्यांचा ढीग वाळत घातला होता, तो गोड आंबूस वास माझ्या डोक्यात बसून अर्धशिशी उठली होती, पुष्पाबाईने, म्हणजे धनीरामच्या बायकोने, कपाळाला लावायला सुंठ उगाळून दिली होती. एवढं स्पष्ट! मला त्या उगाळण्याचा आवाजही येत होता. मोहफुलं म्हणजे होळीच्या पुढे. म्हणजे कपाटं आधी, अड्याळ नंतर. "लावा बाई, डोळे मिटून लावा."

ललिताबाईंनी डोळे मिटले नाहीत. खऱ्या फाइलला हात न लावता त्यांनी दिवाळीच्या नकलेची आणखी एक नक्कल केली, आणि तिच्यावर माझा क्रम लावला. अक्षरं धावू लागली. मग थांबली. ललिताबाईंनी वाचून दाखवलं: जे पाकीट आलेलंच नाही त्याचा क्रमांक बदलायला सांगता आहात. "समरितजी, बोडीराणीचा क्रमांक बदललाय. म्हणजे कपाटं हलली तेव्हा ते इथे होतं." मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकत असेल. मी धनीरामकडे वळलो, "सांग ना बापा, मी आलो तेव्हा मोहफुलं होती की नाही?" धनीरामने डोकं खाजवलं. "अजी, तुमी तं दरसालीच येता. कोन्या खेपेचं सांगू? सुंठ उगायली होती, हे खरं हाय. पर तवा माया बाप होता. तोच तं तुमच्या बाजूले बसला होता." आणि त्याचा बाप जाऊन, हे मलाही माहीत होतं, मी त्याच्या तेरवीला जेवून आलो होतो, बरीच वर्षं झाली होती.

म्हणजे वास खरा, सुंठ खरी, अंगण खरं, आणि साल साफ खोटं. मी स्टुलावर बसलो. नाव विसरणं वेगळं. नाव नाही आलं तर निदान नाही आलं हे कळतं. पण हे माझ्या डोक्याने मला किती प्रेमाने, किती बारीक-सारीक रंगवून, खोटं सांगितलं होतं! आणि मी छाती पुढे काढून ते ह्या मुलीला देत होतो, आणि तिने विश्वास ठेवला असता तर ह्या माणसाचं बियाणं गेलं असतं, माझ्यामुळे. मला त्या क्षणी ललिताबाईंविषयी जे वाटलं त्याला कौतुक हा शब्द लहान आहे. माझ्या वयाला, माझ्या इतक्या वर्षांच्या पायपिटीला तिने नाही म्हटलं नव्हतं. फक्त माझं म्हणणं नकलेवर लावून पाहिलं होतं.

मग त्यांनी फ्लॉप्यांतल्या ओळी वाचायला घेतल्या, घाई न करता, तांदूळ निवडावे तसं. मधेच भैय्यालालला म्हणाल्या, "उगवणीच्या फ्लॉपीत बोडीराणी आहे बघ. भिजवलं, कोंब आले, चांगली उगवण. आणि इथे त्याचा क्रमांक जुना आहे." मग म्हणाल्या, "धान आल्याआधी उगवेल कसं? आधी येणार, मग उगवणार. आणि जुन्या क्रमांकाने उगवलं, म्हणजे नवा क्रमांक त्यानंतरचा." बस! अड्याळ, उगवण, कपाटं. तारीख नको, चिठ्ठी नको, आठवण नको. धनीराम दारातून म्हणाला, "हाव ना बाई! धानाले त्याची अक्कल असते." ललिताबाई म्हणाल्या, "हाव जी, त्याच्याच अकलेनं जाऊन रायलो."

पुन्हा दिवाळी परत आली, पुन्हा अक्षरं धावू लागली, आणि ह्या वेळी थांबली नाहीत. आम्ही चौघे डोळे लावून बसलो. एका धानाचं गाव भैय्यालालने चुकून अर्जुनी घातलं होतं. ते पुन्हा अर्जुनी झालं, आणि बऱ्याच ओळींनी पुन्हा अड्याळ झालं. भैय्यालालने दोन्ही वेळा मान खाली घातली. एका पाकिटाची उगवण शून्य आली, ते यादीतून गेलं, पुन्हा एकदा गेलं. ते धान देणारी देवकाबाई मला आठवली, निदान मला वाटलं की आठवली. आणि मग बोडीराणी आलं. भिजलं. उगवलं. क्रमांक बदलून नव्या कपाटात जाऊन बसलं. हिरव्या अक्षरांत क्रमांक समोर. धनीराम उठलाच, हात पुढे करून. आणि ललिताबाई म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा, भाऊजी. आधी नक्कल उतरवून घेते." मला हसू आवरेना. एवढा जीव टांगणीला लावलेला माणूस हात पसरून उभा, आणि बाईंचं आपलं आधी नक्कल!

पाकीट उघडलं. धनीरामने चार दाणे घेऊन टरफल नखाने सोललं, एक दाणा दाताखाली धरला. दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावलं. मग दुपट्टा पसरून धान ओतून घेतलं, आणि त्यातलीच एक ओंजळ परत पाकिटात टाकली. आमच्याकडे बियाणं नेणारा कधी भांडं पुरतं रिकामं करून जात नाही. मी म्हटलं, "अरे, तुला एका बांधीलाही पुरणार नाही." तो म्हणाला, "पुरते जी. औंदा एक बांधी, पुढच्या साली सगडं वावर. बाईच्या कपाटात रायलं पायजे ना." बाईच्या कपाटात! इतकी वर्षं ते माझं कपाट होतं. पण मला वाईट वाटलं नाही.

तो गेला, भैय्यालाल चहा सांगायला गेला, आणि मी ललिताबाईंना सांगून टाकलं. कसं ते कळलं नाही. रुखमाला न सांगितलेलं, मुलीच्या वयाच्या ह्या बाईला सांगितलं. मेव्हण्याचं नाव, बस स्टँड, सगळं. म्हटलं, "बाई, माझी फाइल बिघडत चालली आहे. आणि माझ्या दिवाळीची नक्कल कुणी काढलेली नाही." त्या हसल्या नाहीत. उगाच धीरही दिला नाही. डॉक्टरला दाखवा, नागपूरला माझी ओळख आहे, मी येते सोबत, असं सरळ म्हणाल्या. मग फ्लॉप्या पुसत म्हणाल्या, "मोहाचा वास खरा होता ना? सुंठ खरी होती. तुमचं काही पुसलेलं नाही, समरितजी. क्रम तेवढा गेलाय. रोज दुपारी येऊन बसत जा. जे येईल ते, जसं येईल तसं सांगत जा. क्रम मी लावीन."

त्यांनी नवी फाइल उघडली. मी स्टूल ओढलं. बराच वेळ काहीच येईना, नुसतं पंख्याचं कुरकुरणं. मग आलं. "एक म्हातारी होती," मी म्हटलं. "लांब पसरट दाण्याचं धान तिचं. देताना म्हणाली, हे माझ्या मायघरचं आहे, हे माझ्या लेकीसारखं सांभाळा. नाव आठवत नाही बाई. गाव पण... गाव पण नाही."

ललिताबाईंची बोटं थांबली नव्हती. त्या म्हणाल्या, "हाव. मग?"